जॉन लोगन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा पाहिला, तर इलिनॉय राज्याचे दक्षिण टोक दोन मोठ्या नद्यांच्या मध्ये पाचरीसारखे शिरलेले दिसते. एका अंगाने मिसिसिपी वाहते, दुसऱ्या अंगाने ओहायो. या दुआबातील सुपीक प्रदेशाला तेथील लोक कौतुकाने 'इजिप्त' म्हणत. संगमावरच्या गावाचे नावही त्यांनी कैरो असेच ठेवले होते. इलिनॉय राज्यात गुलामगिरीला बंदी होती. परंतु नदी ओलांडून पलीकडे केंटकीत किंवा मिसूरीत पाऊल टाकले, की माणसांची खरेदी-विक्री उघड चाललेली दिसे. इजिप्तमधील बहुतेक शेतकरी अशाच गुलामगिरीच्या राज्यांतून येऊन स्थायिक झाले होते. ते कष्टाळू, आतिथ्यशील व धाडसी होते. परंतु कृष्णवर्णी माणूस आपल्या बरोबरीचा आहे, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता.

याच प्रदेशात, आज मर्फीसबरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावाजवळ, ९ फेब्रुवारी १८२६ रोजी जॉन अलेक्झांडर लोगन याचा जन्म झाला. त्याचे वडील आयर्लंडहून अमेरिकेत आलेले डॉक्टर होते. पंचक्रोशीत त्यांचा मोठा लौकिक होता. राज्याच्या विधिमंडळावर ते निवडून गेले होते आणि तेथे अब्राहम लिंकन हा तरुण वकील त्यांचा सहकारी होता. वडिलांना उमद्या घोड्यांचा षोक होता. त्यामुळे जॉनचे बालपण पुस्तकांपेक्षा घोड्यांच्या सहवासात अधिक गेले. तो अंगाने फार उंच नव्हता. पण सावळा वर्ण, काळेभोर केस आणि भेदक काळे डोळे यांमुळे चारचौघांत उठून दिसे. पुढे त्याचे सैनिक त्याला प्रेमाने 'ब्लॅक जॅक' म्हणू लागले, ते या रूपावरूनच.

१८४६ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध जुंपले. विशीतला जॉन इलिनॉयच्या एका पलटणीत दाखल झाला आणि कनिष्ठ अधिकारी म्हणून दूर सांता फेपर्यंत गेला. लढाईत उतरण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर आला नाही. परत आल्यावर त्याने आपल्या मामांच्या हाताखाली कायद्याचा अभ्यास सुरू केला आणि १८५१ साली लुईव्हिल येथील विद्यापीठातून वकिलीची पदवी मिळवली. त्या काळच्या खेड्यापाड्यांतील न्यायालये म्हणजे लोकांची करमणुकीचीही जागा असे. वकिलाचा आवाज खणखणीत असेल आणि त्याची वाणी ओघवती असेल, तर मैलोगणती दूरचे लोक खटला ऐकण्यास जमत. लोगनच्या ठिकाणी हे दोन्ही गुण होते. थोड्याच दिवसांत तो त्या भागाचा सरकारी वकील झाला. १८५५ साली त्याने मेरी कनिंगहॅम या सतरा वर्षांच्या मुलीशी विवाह केला. मेरीचे वडील मेक्सिकोच्या युद्धातील त्याचे सोबती होते. ही मुलगी बुद्धिमान होती. पतीबरोबर ती गावोगावच्या न्यायालयांत जाई आणि आपल्या सुवाच्य अक्षरात त्याच्या आरोपपत्रांचे मसुदे लिहून देई.

परंतु त्याआधीच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, लोगनच्या हातून एक गोष्ट घडून गेली होती. तिची सावली त्याच्या पुढच्या साऱ्या आयुष्यावर पडली.

१८५२ साली तो इलिनॉयच्या विधिमंडळावर निवडून आला. पलीकडच्या राज्यांतून मुक्त झालेले अथवा पळून आलेले कृष्णवर्णी लोक आपल्या राज्यात येऊन राहतील, अशी भीती त्याच्या मतदारांना वाटत होती. त्यांच्या इच्छेचा मान राखण्यासाठी लोगनने एक विधेयक मांडले आणि आपले सारे वक्तृत्व खर्च करून १८५३ साली ते मंजूर करून घेतले. या कायद्याप्रमाणे, बाहेरून आलेला कोणीही कृष्णवर्णी माणूस इलिनॉयमध्ये दहा दिवसांहून अधिक राहिला, तर तो अपराधी ठरे. त्याला पन्नास डॉलर दंड होई. हातावर पोट असलेल्या माणसाजवळ एवढी रक्कम कोठून असणार? दंड भरता आला नाही, तर त्याच्या मजुरीचा जाहीर लिलाव होई. जो त्याचा दंड भरून त्याला कमीत कमी दिवस राबवून घेण्यास तयार असे, त्याच्या स्वाधीन त्या माणसाला करण्यात येई. चोरी नाही, मारहाण नाही. केवळ एका राज्याच्या भूमीवर अकरावा दिवस काढला, एवढाच त्याचा गुन्हा! ज्या राज्याने गुलामगिरी निषिद्ध मानली होती, त्याच राज्यात माणसाला लिलावाच्या ओट्यावर उभे करण्याची वाट या कायद्याने खुली केली.

इजिप्तमधील लोकांनी या कायद्याबद्दल लोगनचा जयजयकार केला. लोकप्रियता हे एक गोड फळ आहे. ते चाखताना माणसाला त्यातील कीड सहसा दिसत नाही. १८५८ साली लोगन मोठ्या मताधिक्याने वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. तेथेही तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या बाजूने हिरिरीने बोले. पळालेले गुलाम पकडून मालकाच्या हवाली केले पाहिजेत, असे त्याचे मत होते. गुलामगिरीच्या प्रसाराला विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष हा राष्ट्रात फूट पाडणारा पक्ष आहे, असे तो मानी. १८६० च्या अध्यक्षीय निवडणुकीत त्याने लिंकनच्या विरुद्ध, आपल्या पक्षाचा नेता स्टीफन डग्लस याच्यासाठी प्रचार केला.

लिंकन निवडून आला आणि राष्ट्र दुभंगले. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना हे राज्य संघराज्यातून फुटून निघाले. त्यापाठोपाठ एकामागून एक दक्षिणेकडील राज्ये बाहेर पडली आणि त्यांनी आपले वेगळे सरकार स्थापन केले. १२ एप्रिल १८६१ रोजी त्यांच्या तोफांनी सम्टर या किल्ल्यावर भडिमार केला. अमेरिकेतील यादवी युद्धाला तोंड लागले. अखेर फुटीर राज्यांची संख्या अकरापर्यंत गेली.

अशा वेळी लोगन काय करणार, याकडे साऱ्यांचे डोळे लागले. त्याचे आप्तेष्ट, त्याचे मतदार, त्याचे मित्र यांच्यापैकी अनेकांची मने दक्षिणेकडे ओढ घेत होती. इजिप्तमधील काही तरुण नदी ओलांडून बंडखोरांच्या सैन्यात सामीलही झाले. त्यांत खुद्द मेरीचा भाऊ होता. लोगन काही आठवडे गप्प राहिला. एरवी सदैव बोलणारा हा माणूस गप्प बसला, तेव्हा त्याच्याविषयी नाना तर्क होऊ लागले. तो आतून बंडखोरांना सामील आहे, अशीही कुजबूज झाली. ही गोष्ट त्याने जन्मभर नाकारली. पण ती त्याचा पिच्छा सोडीना.

त्याचे मौन प्रथम सुटले ते जून महिन्यात. इलिनॉयच्या राजधानीजवळ स्वयंसेवकांची एक पलटण तळ देऊन राहिली होती. तिचा नवा कर्नल होता युलिसिस ग्रँट. पुढे उत्तरेचा सरसेनापती आणि नंतर राष्ट्राचा अध्यक्ष झालेला ग्रँट तो हाच. या सैनिकांनी तीन वर्षांसाठी नव्याने नाव नोंदवावे, अशी सरकारची इच्छा होती. त्यांच्यापुढे भाषण करण्यास लोगन आला. तो काय बोलेल, याविषयी ग्रँटच्या मनात शंका होती. परंतु लोगनने संघराज्याच्या रक्षणाची बाजू इतक्या तळमळीने मांडली, की जवळजवळ सारी पलटण सैन्यात राहण्यास तयार झाली.

पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनजवळ बुल रन येथे लढाई होणार असे कळले. प्रतिनिधिगृहाचा सभासद असलेला लोगन नागरी वेषातच मिशिगनच्या एका पलटणीबरोबर निघाला. एक बंदूक मिळवून तो सैनिकांच्या रांगेत उभा राहिला, आणि जखमींना उचलून मागे नेण्याच्या कामीही त्याने हात लावला. बुल रनची लढाई संघराज्याच्या सैन्याने गमावली. त्या पराभवाने लोगनचा निश्चय मात्र पक्का केला. सभागृहातील आसनापेक्षा आपली जागा रणांगणावर आहे, असे ठरवून तो गावी परतला.

मेरियन या गावी ऑगस्ट महिन्यात लोक चौकात जमले होते. त्यांपैकी अनेकांच्या कपाळावर आठ्या होत्या. लोगन एका मालगाडीवर उभा राहिला आणि बोलू लागला. राष्ट्र टिकले तरच पक्ष, मतभेद आणि वादविवाद यांना अर्थ राहील. मी तर सैन्यात चाललो, असे त्याने त्यांना सांगितले. ज्या लोकांना खूष करण्यासाठी तो आजवर बोलत आला होता, त्यांच्याच इच्छेविरुद्ध तो प्रथमच बोलत होता. हळूहळू समुदायाचा नूर पालटला. भाषण संपल्यावर तरुण पुढे आले आणि त्यांनी तेथल्या तेथे आपली नावे दिली. अशा रीतीने इलिनॉयची एकतिसावी पलटण उभी राहिली व लोगन तिचा कर्नल झाला.

लष्करी विद्यालयाचे तोंडही न पाहिलेला हा वकील रणांगणावर कसा टिकेल, अशी शंका अनेकांना होती. तिचे उत्तर लवकरच मिळाले. नोव्हेंबर १८६१ मध्ये बेल्माँटच्या लढाईत त्याच्या मांडीखालचा घोडा ठार झाला. तरीही आपल्या पलटणीला शत्रूच्या वेढ्यातून त्याने सुखरूप बाहेर काढले. फेब्रुवारी १८६२ मध्ये डोनल्सन या किल्ल्यापाशी कडाक्याच्या थंडीत घनघोर युद्ध झाले. काडतुसे संपेपर्यंत एकतिसावी पलटण आपली जागा धरून राहिली. खांद्यात व मांडीत गोळ्या लागून लोगन कोसळला. तो मेला अशी बातमी वृत्तपत्रांत छापून आली. मेरीने मात्र धीर सोडला नाही. ती कैरोपर्यंत आली, तेथून मिळेल त्या आगबोटीने पतीपर्यंत पोचली आणि रात्रंदिवस शुश्रूषा करून तिने त्याला बरे केले.

या पराक्रमाबद्दल लोगनला ब्रिगेडियर जनरलचे पद मिळाले. आता त्याने प्रतिनिधिगृहातील आपल्या जागेचा राजीनामा दिला. त्याच वर्षी पुन्हा निवडणूक लढवण्याचा आग्रह त्याला झाला. पण संघराज्य अखंड झाल्याखेरीज मी शस्त्र खाली ठेवणार नाही, असे त्याने कळवले.

बाहेरच्या युद्धाबरोबर एक युद्ध त्याच्या मनातही चालले होते. सैन्य जसजसे दक्षिणेत शिरू लागले, तसतसे गुलामगिरीचे खरे रूप इलिनॉयच्या सैनिकांच्या दृष्टीस पडू लागले. मळ्यांतून पळालेली माणसे, बायका, मुले छावण्यांकडे येत. वाटेल ते काम करीत, पण मागे जाण्यास तयार होत नसत. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला. दक्षिण इलिनॉयच्या पलटणींत यामुळे मोठी चलबिचल झाली. आम्ही राष्ट्रासाठी लढावयास आलो, गुलामांसाठी नव्हे, असे अनेक जण म्हणू लागले. लढाई सोडून घरी या, अशी पत्रे गावाकडून येत. लोगन त्या सैनिकांतलाच होता. त्यांची भाषा, त्यांचे पूर्वग्रह त्याला ठाऊक होते. त्याने आपल्या सैनिकांना उद्देशून एक आवाहन काढले आणि डगमगू नका, असे बजावले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णी तरुणांना सैन्यात भरती करण्याचे धोरण जाहीर झाले, तेव्हा त्यानेही आपल्या सैनिकांसमोर त्या धोरणाचा पुरस्कार केला. दहा वर्षांपूर्वी या लोकांना आपल्या राज्यात दहा दिवसही राहू न देण्यासाठी झगडलेला तो वकील आता त्यांच्या हाती बंदूक द्या, असे सांगत होता.

१८६३ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग या बळकट ठाण्याला ग्रँटने वेढा घातला. लोगन आता मेजर जनरल झाला होता व एका डिव्हिजनचे नेतृत्व करीत होता. उंच टेकड्यांवरील शत्रूचे बुरूज सर होईनात, म्हणून त्याच्या विभागातील खाणकामगार सैनिकांनी एका बुरुजाखाली भुयार खणले. त्यात बावीसशे पौंड दारू ठासून २५ जून रोजी तो बुरूज उडवून देण्यात आला. सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर ४ जुलै रोजी व्हिक्सबर्ग शरण आले. शहरात प्रथम प्रवेश करण्याचा मान लोगनच्या डिव्हिजनला मिळाला. या मोहिमेच्या दिवसांतच, जवळच्या मिलिकन्स बेंड या ठिकाणी, नुकत्याच भरती झालेल्या कृष्णवर्णी सैनिकांनी शत्रूचा हल्ला मोठ्या शौर्याने परतवून लावला होता.

आणि तिकडे त्याच्या स्वतःच्या राज्यात काय चालले होते? त्याच १८६३ साली, इलिनॉयच्या हँकॉक जिल्ह्यात, १८५३ च्या कायद्याखाली कृष्णवर्णी माणसांना दंड ठोठावून त्यांच्या मजुरीचा लिलाव करण्यात आला! लिहिणारा बदलला, तरी लिहिलेले आपले काम करीतच राहते. शिकागोतील जॉन जोन्स या यशस्वी कृष्णवर्णी शिंप्याने या जुलमी कायद्यांविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली; १८६४ साली त्यासाठी पुस्तिका छापून वाटली. त्याच्यासारख्यांच्या प्रयत्नांमुळे अखेर फेब्रुवारी १८६५ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाने ते कायदे रद्द केले.

२२ जुलै १८६४ हा लोगनच्या लष्करी जीवनातील सर्वांत मोठा दिवस होय. सेनापती शर्मनच्या फौजा जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहराच्या वेशीवर येऊन ठेपल्या होत्या. त्यांपैकी टेनेसी सेनेचा सेनापती मॅक्फर्सन हा तरुण व सर्वांचा लाडका होता. दुपारी अचानक शत्रूने बाजूने आणि पिछाडीने हल्ला चढवला. मॅक्फर्सन गोळी लागून ठार झाला. सेनापती पडला की सैन्याचा धीर खचतो. अशा आणीबाणीच्या क्षणी शर्मनने लोगनच्या हाती सूत्रे दिली. लोगनने हातात टोपी घेतली, घोड्याला टाच मारली आणि गोळ्यांच्या वर्षावातून तो रांगांपुढून दौडत गेला. त्याला पाहताच सैनिकांनी त्याच्या नावाचा गजर केला. मोडलेल्या रांगा पुन्हा सांधल्या गेल्या, गमावलेल्या तोफा परत मिळाल्या. संध्याकाळपर्यंत शत्रूला माघार घ्यावी लागली.

आता टेनेसी सेनेचे सेनापतिपद लोगनलाच मिळणार, असे सर्वांना वाटले. परंतु शर्मनने ते हॉवर्ड या सेनानीला दिले. हॉवर्ड वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात शिकलेला होता. राजकारणातून आलेल्या सेनानींचे लक्ष निवडणुकांकडे असते, त्यांना रसद, दळणवळण यांसारख्या नीरस कामांची आवड नसते, असे शर्मनचे मत होते. लोगनच्या मनाला हा घाव खोलवर लागला. पण त्याने ना राजीनामा दिला, ना सैन्यात असंतोष पसरवला. आपल्या पूर्वीच्या पंधराव्या कोअरचे नेतृत्व त्याने पुन्हा हाती घेतले, आणि २८ जुलै रोजी एझ्रा चर्चच्या लढाईत याच हॉवर्डच्या हाताखाली लढून विजय मिळवून दिला. सप्टेंबरमध्ये अटलांटा पडले. शरद ऋतूत तो काही काळ इलिनॉयला गेला व लिंकनच्या फेरनिवडीसाठी त्याने गावोगाव भाषणे केली. चार वर्षांपूर्वी ज्याच्याविरुद्ध तो प्रचार करीत होता, त्याच्याचसाठी!

रणातील शौर्यापेक्षाही अवघड अशी त्याची कसोटी अजून व्हावयाची होती. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. युद्ध संपत आले होते. शर्मनच्या फौजा नॉर्थ कॅरोलायनाची राजधानी रॉली येथे पोचल्या होत्या. १४ एप्रिलच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये लिंकनवर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची प्राणज्योत मालवली. ही वार्ता छावणीत पोचताच सैनिक शोकाने वेडे झाले. शोकाचे रूपांतर संतापात झाले. या शहराची राखरांगोळी करून सूड घ्यावयाचा, अशा निर्धाराने एक मोठा जमाव रात्री शहराकडे निघाला. शहरात स्त्रिया, मुले, म्हातारीकोतारी माणसे होती. लिंकनच्या खुनाशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

लोगनला हे कळताच तो घोड्यावर बसून त्या जमावापुढे आडवा आला. हे त्याचेच सैनिक होते; त्याच्या शब्दाखातर मरणाच्या तोंडात शिरलेले होते. त्यांचे दुःख तेच त्याचेही होते. तरी त्याने त्यांना परत फिरण्याची आज्ञा केली. ते मागे हटेनात, तेव्हा पुढे पाऊल टाकाल तर तुमच्यावर तोफा डागाव्या लागतील, असा सज्जड दम त्याने भरला. क्षणभर सारेच स्तब्ध झाले. मग जमाव हळूहळू पांगला. रॉली शहर वाचले. शत्रूवर चालून जाताना सैन्य पाठीशी असते; स्वतःच्या माणसांना अडवताना सेनापती एकटा असतो. त्या रात्री लोगन एकटा उभा राहिला.

मे महिन्यात वॉशिंग्टन येथे विजयी सैन्याचे भव्य संचलन झाले. हॉवर्डला दुसरे काम मिळाले होते. त्यामुळे टेनेसी सेनेच्या अग्रभागी घोड्यावर बसून जाण्याचा मान अखेर लोगनला लाभला.

सहा लाखांहून अधिक सैनिकांचे बळी घेऊन यादवी युद्ध संपले. सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले. पण मुक्त झालेल्या माणसाला नागरिकाचे हक्क द्यावयाचे की नाही, हा प्रश्न उरला होता. १८६६ च्या निवडणुकीत लोगन रिपब्लिकन पक्षातर्फे उभा राहिला आणि कृष्णवर्णी माणसाला नागरिकत्व व मताधिकार मिळालाच पाहिजे, असे इलिनॉयच्या सभांतून सांगू लागला. विरोधक त्याला १८५३ च्या कायद्याची आठवण देत. आपले मत बदलले आहे, ही गोष्ट तो लपवून ठेवीत नसे. निवडून गेल्यावर, वर्णाच्या कारणावरून कोणाचाही मताधिकार हिरावून घेऊ नये अशा अर्थाची राज्यघटनेतील पंधरावी दुरुस्ती तयार झाली, तेव्हा दोन्ही सभागृहांचा मेळ घालून तिचा अंतिम मजकूर ठरवणाऱ्या समितीत लोगन होता. १८७० साली ती दुरुस्ती अमलात आली. दक्षिणेतील राज्यांनी पुढे अनेक पळवाटा काढून तिला जवळजवळ निरुपयोगी केले, आणि १९६५ साली नवा कायदा होईपर्यंत कृष्णवर्णी नागरिकांना त्यासाठी झगडावे लागले. तरीही या झगड्याला पायाभूत ठरली ती हीच दुरुस्ती.

१८६८ साली लोगन माजी सैनिकांच्या मोठ्या संघटनेचा प्रमुख होता. त्या वर्षी मेरी व्हर्जिनियात प्रवासाला गेली असता, तेथील स्त्रियांनी मृत सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहिलेली तिने पाहिली. घरी येऊन तिने हे पतीला सांगितले. अशी प्रथा देशात ठिकठिकाणी पडू लागली होती. लोगनने ५ मे रोजी आज्ञापत्र काढून ३० मे हा दिवस साऱ्या राष्ट्रात मृत सैनिकांच्या स्मरणार्थ पाळावा, असे जाहीर केले. हाच पुढे अमेरिकेचा स्मृतिदिन झाला. १९७१ सालापासून तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळला जातो.

१८७१ पासून लोगन वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये बसू लागला. माजी सैनिकांच्या निवृत्तिवेतनासाठी तो सतत झटला. देशातील निरक्षरता पाहून, मद्यावरील कराचे उत्पन्न शाळांना द्यावे, असे विधेयकही त्याने मांडले. मात्र ते मंजूर झाले नाही. त्याच्या अंगी दोषही होते. त्याचा स्वभाव तापट होता, पक्षाभिमान कडवा होता, आणि वेस्ट पॉइंटच्या सेनानींविषयीची अढी त्याच्या मनातून कधी गेली नाही. १८८४ साली तो उपाध्यक्षपदासाठी उभा राहिला. परंतु त्याच्या पक्षाचा थोडक्यात पराभव झाला. २६ डिसेंबर १८८६ रोजी वॉशिंग्टन येथे त्याचे निधन झाले. अंत्यदर्शनासाठी त्याचा देह संसदभवनाच्या घुमटाखाली ठेवण्यात आला होता.

शिकागो आणि वॉशिंग्टन या दोन्ही शहरांत लोगनचे अश्वारूढ पुतळे आहेत. ते पाहून अटलांटाच्या त्या दुपारची आठवण होते. पण त्याच्या आयुष्यातील सर्वांत लांबची मजल घोड्यावरून गाठलेली नव्हती. १८५३ साली त्याने लिहिलेला कायदा एका बाजूला ठेवावा आणि सोळा वर्षांनी ज्या घटनादुरुस्तीला त्याचा हातभार लागला ती दुसऱ्या बाजूला. पहिल्याने माणसाला दारातून हाकलले. दुसरीने त्याला घरात बरोबरीची जागा देऊ केली. या दोन कागदांमधले अंतर लोगनने सर्वांच्या देखत, टीका सोसत, पायी चालून काढले.